दोन गाठींचा पदर

"टाका ते. दुधी हाय ती," सोजर म्हणाली.

मी हातातलं टाकून दिलं. सकाळ होती, ऊन अजून वर आलं नव्हतं. आम्ही नवरा-बायको मन्याड नदीच्या कोरड्या पात्रात घोळीची भाजी तोडत होतो. पात्रात नुसती वाळू अन् दगड. पण एका खडकाच्या बुडाला थोडी ओल राहिली होती, त्या ओलीवर घोळ पसरली होती. त्या दुष्काळात हिरवं म्हणून तेवढंच. ती जागा सोजरनं शोधली होती.

घोळ अन् दुधी नावाचं तण, दोन्ही भुईला धरून वाढतात. दोन्हींचे देठ तांबूस. उभं राहून बघितलं तर सारख्याच. मी म्हणलं, "दोनी येकच दिसतंय की."

"लांबून म्या आन् गयाबाई बी येकच दिसताव. घरी जाताना तुमाला बायकू वळकू येती न्हवं? मंग बसा की जरा खाली."

गयाबाई आमची शेजारीण. माझ्यापेक्षा वयानं मोठी, अन् तोंडानं त्याहून मोठी. मी हसलो अन् खाली बसलो.

सोजरनं घोळीचा देठ मोडला. जाड, गुळगुळीत. टचकन मोडला, आतून पाणी आलं. साधं पाणी. पान गुबगुबीत, नखानं दाबलं की फुटतं. मग तिनं दुधीचा देठ मोडला. बारीक, तारेसारखा, वर लव. पांढरं दूध आलं. पानाच्या मधोमध तांबडा डाग.

"पानी आलं की घ्यायचं. दूध आलं की थांबायचं."

"पाथरीला बी दूध येतंय. ती तर आपुन खाताव."

"तिचं पान बघा की. करवतीवानी कातरलेलं, भुईला चिकटलेलं. येकाच खुनंवर जायाचं न्हाई. देठ बघायचा, पान बघायचं, फूल बघायचं, वास घ्यायचा. आन् मंग चावायचं."

चावायचं ती. ही तिची रीत होती. नव्या जागेची कुठलीही भाजी असो, आधी सोजर एक कच्चं पान चावणार. चावून थोडा वेळ गप बसणार. तोंडाला काही झालं नाही तरच ती भाजी माझ्या ताटात यायची. तिचं माहेर इस्लापूरकडचं, जंगलाच्या अंगाचं. तिच्या आईची हीच रीत, आजीचीही हीच. तिकडं तेलंगी बोलतात, म्हणून लग्न होऊन आली तेव्हा घोळीला ती पायलकूर म्हणायची. सगळा मांगवाडा तिला हसायचा. दुष्काळ पडला तसा तोच मांगवाडा तिच्या मागं मागं रानात यायला लागला. तिनं सगळ्यांना भाज्या दाखवल्या. हातचं राखून ठेवलं नाही.

त्या सकाळी तिनं पदराच्या एका टोकाला घोळ बांधली, संध्याकाळच्या भाजीला. दुसऱ्या टोकाला दुधी बांधली, थोडीच. ती खायला नव्हती. गयाबाईची सून बाळंत झाली होती अन् तिला दूध उतरत नव्हतं. दुधी उकळून तिचं पाणी बाळंतिणीला द्यायचं, असं आमच्यात चालत आलेलं.

दोन टोकं, दोन गाठी. घोळीची गाठ मोठी, दुधीची लहान.

"चला, हजेरी जाईल," ती म्हणाली.

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम ते. नंतर आम्ही मिळून काही केलं नाही.

मी दुसरीपर्यंत शाळेत गेलेला माणूस. लिहायला वेळ लागतो. म्हणून जसं झालं तसंच लिहितो.

जिल्हा नवा झाला होता. आधी आम्ही उस्मानाबादचे, मग लातूर वेगळं निघालं. साहेब नवे आले, जीपा नव्या आल्या. जिल्ह्याला जोडायला सडक पाहिजे, म्हणून आमच्या शिवारात रोजगार हमीचं काम निघालं. खडी फोडायची. दुष्काळ असल्यानं सगळं गाव त्या कामावर होतं. ज्यांच्या बांधावरून आम्हाला जाऊ देत नव्हते ते मालकही आमच्यासारखेच हातोडी घेऊन बसलेले. मला वाटलं होतं, एका उन्हात बसलो म्हणजे माणसं सारखी होतील.

पाण्यानं दाखवलं काय ते.

बाभळीखाली बैलगाडीवर पाण्याचं टिपाड उभं असायचं. पाणी वाढायला मुकादमाचाच चुलतभाऊ, पाणक्या म्हणून लावलेला. मालकांच्या माणसांना तो तांब्या भरून हातात द्यायचा. आम्ही लांब उभं राहून ओंजळ धरायची अन् तो वरून ओतायचा. तेही सगळ्यांचं झाल्यावर. टिपाडाला हात लावायचा नाही. हे कोणी लिहिलेलं नव्हतं, तरी सगळ्यांना पाठ होतं.

त्या दिवशी गाडी उशिरा आली अन् टिपाड अर्धंच होतं. विहिरींनी तळ गाठला होता. मुकादम मोठ्यानं म्हणाला, "आधी आपली मानसं. ऱ्हायलं तर ह्यांची."

सोजर पहिल्यांदा गेली तर पाणक्या "थांब" म्हणाला. ती परत येऊन बसली. खडी फोडली. ऊन चढलं. ती परत गेली, ओंजळ धरली. बोटं नीट जुळत नव्हती. त्यानं ओतलं ते निम्मं बोटांतून गळालं.

"सांडतीस व्हय गं? पानी फुकट आलंय का? हो मागं."

ती म्हणाली, "थोडं द्या की मालक. जीव कासावीस हुतोय."

मुकादम खाटेवर बसला होता. त्यानं तिच्या पदराकडं बघितलं.

"पाला बांधलाय न्हवं पदराला? त्याच्यात असतंय की पानी. त्योच चाव."

हसले लोक.

अन् तिनं चावलं. माझ्याजवळ येऊन बसली, मोठी गाठ सैल केली अन् घोळीचे देठ चावायला लागली. एक चावला, दुसरा चावला. सगळ्यांच्या समोर. एकजण म्हणाला, "बगा बगा, शेरडावानी चरूलालीय." परत हसले.

सोजर मला म्हणाली, "आंबट हाय. बरं वाटतंय."

नंतर दुपारी तिचं बोलणं तुटायला लागलं. मला तिच्या भावाच्या नावानं हाक मारली. तेलंगीत काहीतरी बोलली, मला कळलं नाही. मी अंगाला हात लावला तर अंग तव्यासारखं अन् कोरडं. हातोडी हातातून सुटली अन् ती कुशीवर पडली. मी ओरडलो, पानी आना. पाणक्यानं मुकादमाकडं बघितलं. मुकादमानं टिपाडाकडं बघितलं. गयाबाईच शेवटी धावत गेली अन् पाणक्याच्या पाया पडली.

तांब्या आला. मी ते पाणी सोजरच्या तोंडात घातलं. ते ओठाच्या कडेनं बाहेर आलं.

मला काहीच वाटलं नाही. गयाबाई छाती बडवत होती अन् मी सोजरच्या हातोडीकडं बघत बसलो होतो. फोड येऊ नयेत म्हणून दांड्याला तिनं चिंधी गुंडाळली होती. रोज ती चिंधी घामानं भिजलेली असायची. त्या दिवशी कोरडी होती. ते मी बघत होतो. बाकी काही सुचत नव्हतं.

ऊन कलताना ओव्हरसियरची जीप आली. खडीचं माप घ्यायला यायची ती तशीच आली. साहेब तरुण होता. मढं बघून त्याचा चेहरा उतरला. "कामावर मयत? कशानं?"

मुकादम पुढं झाला. "पाला खाल्ला सायेब. रानातला. सकाळपासून कच्चाच चावत हुती. समद्यांनी बघितलंय. इचारा कुनालाबी."

साहेबानं लोकांकडं बघितलं. लोकांनी खाली बघितलं. खोटं नव्हतंच ते. चावताना सगळ्यांनी बघितलं होतं.

मुकादमानं काठीच्या टोकानं सोजरचा पदर ओढला. काठीनंच दोन्ही गाठी उसकटल्या अन् पाला भुईवर पाडला. घोळ अन् दुधी एकत्र. साहेब वाकला. एक काडी उचलून मोडली. ती नेमकी दुधीची होती.

"हे बघा, दूध आहे याला. हे विषारी असतं. या लोकांना कितीही सांगा, दिसेल ते खातात."

मी बोललो. माझा आवाज मलाच लांबून आल्यासारखा वाटला. "सायेब, ती दुसऱ्या गाठीची हाय. बाळंतिणीसाठी हुती. सोजरनं ती खाल्ली न्हाई. तिला वळकू यायचं."

"मला तर दोन्ही एकच दिसतंय."

"म्या बी काल राती आन् आज सकाळी हीच भाजी खाल्ली. येकाच डेचकीतली. म्या कामून मेलो न्हाई?"

मुकादम म्हणाला, "तुमाला दगड बी पचतेत."

माझी बायको तिथं पडली होती अन् लोक हसले. लई नाही. थोडेच.

"तिनं पानी मागितलं हुतं," मी म्हणलं.

"उगं बस!" मुकादम ओरडला. मग साहेबाकडं वळून साखरेसारखा बोलला, "मानूस गेलंय त्याचं. भान न्हाई त्याला."

साहेबानं कागदावर लिहिलं अन् वाचून दाखवलं. मयत बाईनं अज्ञानानं विषारी वनस्पती खाल्ली, कामाचा किंवा कामावरल्या कोणाचा संबंध नाही, असं मी सांगतो. खाली माझा अंगठा पाहिजे होता. मुकादमानं शाईची डबी उघडून माझ्यापुढं धरली.

मी म्हणलं, "सही येती मला."

"सही म्हनं! आता पुस्तक लिवनार हाय का काय रं तू?"

माझा हात उचललाच नाही. नाही म्हणायचं असं तेव्हा ठरवलं नव्हतं. हात मेला होता. साहेब घड्याळ बघायला लागला. म्हणाला, "जाऊ द्या, उद्या सकाळी मी येतो. तेव्हा घ्या."

जीप गेल्यावर मुकादम जवळ आला. हळू बोलला. "आज माती दे. सकाळी गपगुमान अंगठा लाव. न्हाई लावलास तर मढं उकरून तालुक्याला न्हेतील, चिरतील. बायकूचे हाल करायचेत का तुला?"

आमची माणसं पुरतात तिथंच तिला पुरलं. दिवस मावळता मावळता परत आलो.

मांगवाड्यात शिरलो तर दारोदार हिरवं पडलं होतं. घोळ. कच्ची घोळ, शिजवलेली घोळ. प्रत्येक घरानं दाराबाहेर टाकून दिली होती. काही घरांत चूल पेटलीच नव्हती, कारण दुसरं काही नव्हतंच शिजवायला. पोरं रडत होती. सोजरनं ज्यांना भाजी दाखवली त्या सगळ्या बाया दारात उभ्या होत्या अन् माझ्याकडं बघत नव्हत्या.

गयाबाई तेवढी पुढं आली. "दाजी, राग धरू नगा. लई चांगली बाई हुती. पन चुकली आसंल. उन्हात नजर फिरली आसंल. माझी सून वली बाळंतीन हाय. मला नगं आता त्यो पाला."

"तुमी तितंच हुताव की गयाबाई. पानी मागताना तुमी बघितलंव."

"बघितलं."

"मंग?"

ती घरात गेली.

मला तेव्हा कळलं काय झालंय ते. तिला पाण्यावाचून मारली, ते एक. पण वरून तिच्या हातातलं एकच ज्ञान होतं, तेही खोटं करून टाकलं. आमच्याकडं शेत नव्हतं, घर म्हणजे कुडाचं खोपट. मूलबाळ झालं नाही. सोजरनं मागं ठेवलं ते एवढंच, की हिला देठ मोडून कळतं. त्यावर माझा अंगठा पाहिजे होता. की हिला कळत नव्हतं.

झोप लागली का नाही, आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो. तोंड धुतलं नाही. तिचं जुनं फडकं घेतलं, डेचकी घेतली, मीठ-मिरची घेतली अन् पात्रात गेलो.

एकटा त्या खडकापाशी उभा राहिलो. वरून बघितलं तर सगळं सारखंच. मग बसलो. देठ मोडला. पाणी आलं. पान दाबलं, फुटलं. पिवळी कळी होती, मिटलेली. घोळीचं फूल ऊन आल्यावर उघडतं अन् दुपारी मिटतं, हे तिनंच सांगितलेलं. वास घेतला. मग एक पान तोंडात घातलं अन् चावलं. आधी चावणारं आता दुसरं कोणी नव्हतं. चावून गप बसलो, ती बसायची तसा. तोंड आंबट झालं. दुसरं काही झालं नाही.

फडक्याच्या एका टोकाला घोळ बांधली. मग दुधी शोधली. तार, लव, तांबडा डाग, दूध. दुसऱ्या टोकाला ती बांधली. दोन गाठी.

कामावर गेलो तेव्हा हजेरी चालू होती. जीप आलेली होती. साहेब खाटेवर बसला होता, मुकादम शाईची डबी घेऊन उभाच. टिपाड बाभळीखाली, आज भरलेलं.

मी त्यांच्याकडं गेलो नाही. बाभळीखाली तीन दगड मांडले, काटक्या लावल्या, पेटवलं. लोक हातोड्या थांबवून बघायला लागले.

"काय करूलालास रं?" मुकादम ओरडला. "आदी अंगठा दे."

मी डेचकी उचलली अन् टिपाडात बुडवली. हात मनगटापर्यंत पाण्यात गेला. पाणी गार होतं. एवढं गार पाणी तिथं रोज उभं होतं.

पाणक्या मागं सरकला. मुकादम काठी घेऊन धावला. "बाटवलं! समदं टिपाड बाटवलं मांगानं!"

मी हललो नाही. काठी पडली असती तरी हललो नसतो. साहेबानंच त्याचा हात धरला. "मारू नका. नवा जिल्हा आहे, वर लगेच चौकशी लागते. आधीच एक मयत आहे." दया नव्हती ती. पोटात भीती होती त्याच्या.

मुकादम लोकांकडं वळला. "ओता ते पानी! ओतून द्या समदं!"

कोणी उठलं नाही. सगळे टिपाडाकडं बघत होते. एवढ्या दुष्काळात भरलं टिपाड ओतून देण्याइतका मोठ्या जातीचा माणूस तिथं एकही निघाला नाही.

मी डेचकी चुलीवर ठेवली. मोठी गाठ सोडली, घोळ निवडली, तोडून आत टाकली. मीठ टाकलं, मिरची टाकली. साहेब कागद घेऊन माझ्यापाशी आला. खाली बसला नाही.

"बाबा, सही तरी कर. विषय संपव."

"सही येती मला. पन त्याच्यावर करनार न्हाई."

मुकादम म्हणाला, "मढं उकरतील मग. चिरतील."

"उकरा," मी म्हणलं. "चिरा. प्वाटात काय हाय ते नीट बगा. घोळ सापडंल. पानी सापडायचं न्हाई. तसंच लिवा."

मुकादमानं शाईची डबी बंद केली.

भाजी शिजली. मी डेचकी सगळ्यांच्या मधी आणून ठेवली अन् बसलो. भाकरी नव्हती. नुसती भाजी हातानं खायला लागलो. गरम होती, तोंड भाजलं. थांबलो नाही. खाता खाता साहेबाला म्हणलं, अन् सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणलं:

"म्या हितंच बसनार हाय. दिस मावळस्तवर. मेलो तर लिवा, पाल्यानं मेला. न्हाई मेलो तर लिवा, सोजर पान्यावाचून मेली."

साहेबानं कागदाची घडी केली अन् खिशात ठेवली. फाडला नाही. मी ते बघितलं. फाडला असता तर बरं, असं मला वाटलं नाही. तसल्या लोकांकडून मला आता काही नको होतं.

गयाबाई उठून आली. फडक्याची लहान गाठ माझ्या मांडीपाशी होती.

"ह्याच्यात काय हाय?"

"तुमच्या सुनंचं हाय."

तिनं गाठ सोडली. एक काडी काढली, मोडली. दूध तिच्या अंगठ्यावर आलं. ती बराच वेळ त्या अंगठ्याकडं बघत राहिली. मग परत गाठ मारली, फडकं कमरेला खोचलं अन् आपल्या जागेवर जाऊन बसली.

मी डेचकी पुसून खाल्ली. उठलो. सोजर बसायची त्या ढिगावर जाऊन बसलो. तिचीच हातोडी घेतली, चिंधी गुंडाळलेली. खडी फोडायला लागलो. थोडं फोडायचं अन् मान वर करून मुकादमाकडं बघायचं. त्याला दिसलं पाहिजे होतं. सगळ्यांना दिसलं पाहिजे होतं.

ऊन माथ्यावर आलं. पात्रात घोळीची फुलं मिटायला लागली असतील. चिंधी माझ्या घामानं भिजली होती.

तहान लागली. मी हातोडी ठेवली अन् टिपाडाकडं चालत गेलो. पाणक्या बाजूला झाला. मी तांब्या उचलला, आत बुडवला अन् उभ्यानं प्यालो, सगळा. मग मुकादमापुढं जाऊन उभा राहिलो.

"बगा," म्हणलं, "मेलो न्हाई. उद्या बी ह्याच्यातलंच घेनार हाय. माझ्या हातानं."